गावच्या अभ्यासवर्गात कार्बन करावर वाद कसा घडवावा

कार्बन कराचा, म्हणजे इंधन जाळून सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडवर टनामागे लावायच्या कराचा, विषय गावच्या अभ्यासवर्गात घ्यायचा असेल, तर हवामानबदल खरा की खोटा या प्रश्नापासून आरंभ करू नये; सारी रात्र त्यातच जाते. खुल्या बाजाराच्या पुरस्कर्त्यांमधला वाद त्याच्या पुढचा आहे. एकाच्या धुराने दुसऱ्याचे नुकसान होते हे मान्य केल्यावर भरपाईचा हिशेब सरकारच्या हाती द्यावा की नाही, यावर त्यांचे एकमत नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेत घडलेली माणसे विदर्भात अजून आहेत, त्यामुळे सरकारविषयीचा संशय इथे कोणाला शिकवावा लागत नाही. शिकवावी लागते ती आकडेमोड.

म्हणून पहिल्या बैठकीला प्रत्येकाने डिझेलची पावती आणि घरच्या विजेचे बिल आणावे. कृषिपंपाचे बिल कामाचे नाही, कारण साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना राज्यात २०२४ पासून मोफत वीज आहे आणि जिथे दरच नाही तिथे कर कितीही लावला तरी तो शेतकऱ्याला जाणवत नाही. (हे वाक्य वर्गात उच्चारले की अर्धा तास त्यावरच जातो, जाऊ द्यावा.) एक लिटर डिझेल जळाले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, आणि कोळशावरच्या विजेच्या एका युनिटमागे साधारण एक किलो. कार्बन डायऑक्साइडच्या टनाला १,००० रुपये कर धरला, तर डिझेल लिटरमागे २ रुपये ७० पैशांनी आणि अशी वीज युनिटमागे एका रुपयाने महागते. मग विचारावे की एवढ्याने कोणी ट्रॅक्टरची एक तरी पाळी कमी करील काय. कोणीच करणार नसेल, तर अशा कराने तिजोरी भरेल, धूर मात्र तेवढाच राहील. ओलितासाठी डिझेल इंजिनाऐवजी सौरपंप बसवणे परवडू लागले, तरच धूर कमी होईल.

आता सिद्धांताकडे वळावे. दुसऱ्यावर पडणाऱ्या नुकसानीएवढा कर लावावा, ही मांडणी अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी १९२० मध्ये केली. तिला दुसरे अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस यांनी १९६० मध्ये उत्तर दिले, आणि त्यांचे उदाहरण तर आपल्याच धुऱ्यावरचे, म्हणजे बांधावरचे, आहे: एकाची जनावरे दुसऱ्याच्या पिकात शिरतात. हक्क कोणाचा हे स्पष्ट असेल आणि बोलणी करण्याचा खर्च नगण्य असेल, तर कुंपण घालायचे, जनावरे कमी करायची की भरपाई द्यायची, हे ते दोघे आपसात ठरवू शकतात. कोंडवाड्याची किंवा कराची गरज पडत नाही. वर्गातल्या दोघांना गुरांचा मालक आणि वावराचा मालक करून हा सौदा प्रत्यक्ष घडवावा. त्यानंतर जनावरांच्या जागी चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राचा धूर ठेवावा. नुकसान झालेली माणसे कोट्यवधी, त्यांतली कित्येक अजून जन्मलेली नाहीत. सौदा कोणी कोणाशी करायचा? माझ्या मते कोस यांची वाट इथे अडते, आणि मिल्टन फ्रीडमन यांच्यासारखा बाजारवादीही प्रदूषणावरच्या कराला अनुकूल का होता, ते इथेच उमगते. मात्र बाजारातल्या किमती असंख्य माणसांत विखुरलेले ज्ञान एकत्र आणतात, हा अर्थशास्त्रज्ञ फ्रेडरिक हायेक यांचा १९४५ चा मुद्दा लगेच मांडावा, कारण कराचा दर बाजार ठरवत नाही, अधिकारी ठरवतात, आणि ते ज्ञान त्यांच्यापाशी नसते.

सर्वांत जास्त वेळ कोळशावरच्या उपकराला, म्हणजे ठरावीक कामासाठी लावलेल्या जादा कराला, द्यावा. तो २०१० मध्ये कोळशाच्या टनाला ५० रुपये होता आणि २०१६ पर्यंत ४०० झाला. एका युनिटला साधारण ७०० ग्रॅम कोळसा धरला, तर युनिटमागे सुमारे २८ पैसे. पैसा स्वच्छ ऊर्जेसाठी म्हणून गोळा झाला, त्यातला बराच खर्चच झाला नाही, आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर हा उपकर राज्यांच्या बुडालेल्या महसुलाच्या भरपाईकडे वळवला गेला. २०२५ मध्ये तो रद्द करून कोळशावरील वस्तू व सेवा कर ५ वरून १८ टक्के करण्यात आला. नवा कर किमतीच्या टक्केवारीने लागतो, त्यामुळे स्वस्त, हलक्या प्रतीच्या कोळशावर टनामागे कमी बसतो. हा फरक वर्गाने स्वतः हिशेब करून शोधावा, आपण सांगू नये.

शेवटच्या बैठकीत कराच्या बाजूच्यांना विरोधात आणि विरोधकांना बाजूने बोलायला लावावे. प्रत्येकाने आधी चिठ्ठीवर लिहावे की जमलेला पैसा माणशी सारखा वाटून परत दिला, तर आपले मत बदलेल का. चिठ्ठ्या भाषणे झाल्यावरच उघडाव्यात.