शेजारच्या वहिनीला घरी मार पडतोय? मग काय करायचं (इंदूरवाल्यांसाठी)

लोकमान्य नगर असो की सुदामा नगर, आपल्या मराठी घरांत एक वाक्य ठरलेलं, "आपल्यात असलं काही होत नाही हो". होतं. डब्ल्यूएचओने 2021 मध्ये आकडा दिला, जगात साधारण दर 3 बायकांमागे 1 जण आयुष्यात कधीतरी मारहाण किंवा लैंगिक हिंसा सोसते, आणि बहुतेक वेळा करणारा घरातलाच.

पहिली गोष्ट, तिच्या नवऱ्याला समजवायला जाऊ नका. तुम्ही चहा पिऊन निघता, दार बंद होतं, आणि वचपा तिच्यावर निघतो. ती एकटी भेटेल तेव्हा, मुलांना बसला सोडताना वगैरे, नुसतं विचारा, ठीक आहेस ना. व्हॉट्सअॅपवर काही लिहू नका कारण फोन बहुतेक तोच चेक करतो. आणि "सोडून दे त्याला" हे तर अजिबात नको, बाई घर सोडते तोच काळ सगळ्यात धोक्याचा असतो, कधी निघायचं ते तिलाच ठरवू द्या.

मग कागद. आधार, पासबुक, समग्र आयडी, मुलांच्या मार्कशीट, दागिन्यांची बिलं, या सगळ्याचे फोटो काढून तुमच्याकडे किंवा तिच्या बहिणीकडे ठेवायचे. मार लागला असेल तर एमवाय हॉस्पिटलला किंवा कुठल्याही सरकारी दवाखान्यात दाखवून पर्चा घ्यायचा, आणि डॉक्टरला "पडले" सांगायचं नाही, खरं कारण लिहायला लावायचं, पुढे कोर्टात हाच कागद कामाला येतो.

आत्ता या क्षणी मारहाण चालू असेल तर 112. सल्ला हवा असेल तर 181, तिथून वन स्टॉप सेंटरचा पत्ता मिळतो, तिथे पोलिस, वकील, काउन्सेलिंग एका छताखाली आणि थोडे दिवस राहायची सोय पण. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून अडू नका, बाईची कमाई कितीही असो तिला विधिक सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, नंबर 15100.

आता कायदा, 2005 चा घरेलू हिंसेचा. हा काही हवेतून आला नाही, बायकांवरचा भेदभाव संपवायचा युनोचा 1979 चा करार आहे, भारताने तो 1993 मध्ये मान्य केला, त्यामागे जगभरच्या बायकांचे लढे आहेत. यात फक्त मारणं नाही, शिव्या, पगार काढून घेणं, खर्चाला पैसे न देणं पण येतं. घर सासूच्या नावावर असलं तरी तिला तिथे राहायचा हक्क आहे, उचलून बाहेर काढता येत नाही (हे सांगितलं की अर्ध्या बायका चाट पडतात). माहेर पुण्याला असेल आणि ती तिकडे गेली तर तिथल्या कोर्टातही अर्ज चालतो. आणि शेजाऱ्यांनो, कलम 4 वाचा, प्रामाणिकपणे संरक्षण अधिकाऱ्याला (याच कायद्याखाली नेमलेला सरकारी अधिकारी) खबर दिली तर तुमच्यावर केस होत नाही, तेव्हा "आपण कशाला मध्ये पडा" हे कारण चालणार नाही.

पोलिस ठाण्यात "आपसात मिटवा" म्हणतीलच. तिला मिटवायचं नसेल तर तक्रार लेखी द्या, पावती मागा, आणि सोबत कुणीतरी जा, एकटी बाई बघितली की तासन्‌तास बसवून ठेवतात. कोर्टाकडून संरक्षणाचा आदेश मिळाला की त्याची एक कॉपी तिच्या पर्समध्ये, एक तुमच्याकडे, कारण नवऱ्याने तो मोडला तर 1 वर्षापर्यंत जेल किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि तेव्हा पोलिसांना दाखवायला कागद हातात हवा.