अंध सहकाऱ्याला संगणक शिकवताना माउस बाजूला ठेवा

नव्याने रुजू झालेल्या अंध सहकाऱ्याला एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, शिकवायचा असेल, तर सुरुवात इनपुट हेल्पने करा. इन्सर्ट आणि वरच्या ओळीतला १ एकत्र दाबला की तो चालू होतो. मग कोणतीही कळ दाबा. तिचं नाव ऐकू येतं, एनव्हीडीएची आज्ञा असेल तर तिचं कामही कळतं, पण प्रत्यक्षात काहीच घडत नाही. फाइल पुसली जाण्याची धास्ती नसली की बोटं मोकळेपणाने फिरतात. पुन्हा तेच दाबलं की बंद.

शिकवणाऱ्याने इन्सर्ट आणि एन दाबून एनव्हीडीएचा मेनू उघडावा आणि त्यातल्या टूल्समधला स्पीच व्ह्यूअर सुरू करावा. आवाज जे बोलतो ते पडद्यावर अक्षरांत दिसतं, त्यामुळे सहकाऱ्यांचा हेडफोन न मागता गाडी कुठे अडली ते समजतं. ‘इथे क्लिक करा’ म्हणू नका, कळ सांगा. आणि कृपा करून त्यांच्या हातातून कीबोर्ड घेऊ नका.

मराठी फाइल्स मात्र आधी तपासाच. जुन्या, युनिकोड (संगणकावर अक्षरं साठवण्याची प्रमाण पद्धत) नसलेल्या फॉन्टमधला मजकूर स्क्रीन रीडर निरर्थक इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं म्हणून वाचतो. अशा फाइल्स प्रशिक्षणाआधीच कार्यालयाने युनिकोडमध्ये बदलून ठेवायला हव्यात.