भट्टी लावायच्या आधी: प्रेशर व्हेसलच्या पोलादाचे नमुने

प्रेशर व्हेसलच्या पोलादाचे तुकडे भट्टीत तापवून, थंड करून त्यांची आतली रचना आणि चिवटपणा तपासायचा आहे. नंबर पंच (धातूवर आकडे ठोकायचा खिळा) आणि हातोडी आधी काढून ठेवा. बाकीचं नंतर. अणुभट्टीच्या प्रेशर व्हेसलची, म्हणजे गाभा ज्यात असतो त्या दाबाच्या भांड्याची, भिंत २०० मिलिमीटरच्या घरात जाड असते, आणि एसए-५०८ ग्रेड ३ या व्हेसलच्या पोलादात तिचा वरचा थर आणि मधला गाभा एकाच पाण्यात थंड होऊनही रचनेने वेगळे निघतात. तुकडा किती खोलीवरचा, फोर्जिंगची (ठोकून घडवण्याची) दिशा कोणती, हे त्याच्यावर ठोकलेलं नसेल तर मायक्रोस्कोपमधला फोटो कशाचा हेच सांगता येत नाही. मार्कर चालत नाही, ९०० अंशांना शाई जळते. उथळ पंच खपलीबरोबर (तापल्यावर चढणाऱ्या ऑक्साइडच्या थराबरोबर) निघून जातो. मागच्या खेपेला हेच राहिलं होतं. म्हणून खोल ठोका, घासायची नाही त्या बाजूला, आणि करवत लावण्याआधी.

शेतीच्या फीडरवर असाल तर थ्री फेजची वेळ विचारून घ्या. ८८० ते ९०० अंशांवर मुरत असताना लाईन गेली तर तो तुकडा बाद धरा. थर्मोकपल (तापमान मोजायची तार) तुकड्यात छिद्र पाडूनच बसवा. भट्टीचा आकडा हा भट्टीचा असतो, तुकड्याचा नाही.

आता पाणी. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीत हात घालवत नाही. तापलेल्या पाण्यात तुकड्याभोवती वाफेचं कवच जास्त वेळ टिकतं आणि थंड होण्याचा वेग पडतो. विहिरीचं पाणी आणा, बर्फ टाका, तापमान लिहून ठेवा. पण छोटा ठोकळा थेट पाण्यात टाकला की मार्टेन्साइट होतं, म्हणजे झटकन थंड झाल्यावरची कडक, ठिसूळ रचना, आणि भिंतीच्या आत असतं मुख्यतः बेनाइट, म्हणजे हळू थंड झाल्यावरची रचना. तिथे पाण्यातसुद्धा वेग सेकंदाला जेमतेम एखादा अंश. गाभ्याची रचना हवी असेल तर तुकडा सिरॅमिक वूलमध्ये गुंडाळा आणि ८०० ते ५०० अंशांमधला थंड होण्याचा वेग नोंदवा. लोहार वखराच्या पासेला पाणी देतो ते धारेसाठी. इथे चिवटपणा हवा आहे.

मग ६५० अंशांच्या आसपास टेंपरिंग, म्हणजे पुन्हा तापवून धरणं. बेनाइटमधली कडक बेटं फुटून कार्बाइड होतात, चिवटपणा येतो. खऱ्या व्हेसलला वेल्डिंगनंतर ६०० ते ६२० अंशांना ताण काढायला ठेवतात. तेवढे तास नमुन्यालाही द्या, नाहीतर तो व्हेसलचा प्रतिनिधी नाही.

भट्टीतून काढला? पंच वाचा. वाचता येत नसेल तर खपली ब्रशने काढून पुन्हा वाचा, वहीत लिहा, तेव्हाच पुढचा तुकडा उचला.

पॉलिशिंग नेहमीसारखं. रचना दिसावी म्हणून लावायचं नायटल २ टक्के, आधी अल्कोहोल, मग त्यात नायट्रिक ॲसिड थेंबाथेंबाने. बाटलीचं बूच घट्ट लावू नका, उरलेलं उन्हाळ्यात साठवू तर मुळीच नका. ऑस्टेनाइटच्या, म्हणजे तापलेल्या अवस्थेतल्या पोलादाच्या, कणांच्या जुन्या सीमा पिक्रिक ॲसिडने दिसतात, पण ते वाळलं की स्फोटक होतं, त्यामुळे त्या बघायच्या तर मोठ्या लॅबमध्ये जा.

चार्पीचे (खाच पाडून घणाच्या एका फटक्यात चिवटपणा मोजायच्या चाचणीचे) तुकडे १० गुणिले १० गुणिले ५५ मिलिमीटर. खाच कोणत्या बाजूने पाडायची हे पंचवरूनच कळतं. तो दिसत नसेल तर तुकडा मशीनला लावू नका.