सातबारा घेऊन आलेला माणूस: नगररचना विभागात नव्याने येणाऱ्यांसाठी

सिव्हिलचा डिप्लोमा किंवा डिग्री केलेली मुलंमुली भेटली की विचारतात, "मॅडम, नगररचनेत काम काय असतं? नकाशे पास करायचे, एवढंच ना?" सांगली भागात या कामात बरीच वर्षं काढल्यावर मी त्यांना एकच सांगते. माणूस जमिनीत पैसे अडकवायच्या आधी त्याला त्या जमिनीबद्दल खरं काय ते कळायला हवं, आणि ते सांगणं हे आपल्या विभागाचं पहिलं काम. बांधकाम परवाना त्याच्या बराच नंतर येतो.

हळदीच्या पेठेत हमाली करणारे एक काका असेच सातबाऱ्याची झेरॉक्स घेऊन आले होते. "मॅडम, एवढं बघा की. परवा इसार द्यायचाय." सातबाऱ्यावर गट नंबर आणि विकास आराखड्याच्या (शहरात कुठे काय व्हायचं ते ठरवणाऱ्या नकाशाच्या) शीटवर जुना सर्व्हे नंबर. एकत्रीकरण योजनेत सर्व्हे नंबरांचे गट झाले, त्यामुळे आधी दोन्हींचा ताळा लावायचा, मग मोजणी नकाशावरून हद्द बघायची आणि ती शीटवर बसवायची. नव्या माणसाने सगळ्यात आधी हे शिकावं. कॉलेजात ते कोणी शिकवत नाही. काकांचा गट पिवळ्या रंगात, म्हणजे रहिवास विभागात होता. पण त्यांना दाखवलेला तुकडा निम्म्याहून जास्त १८ मीटरच्या डीपी रस्त्यात, म्हणजे आराखड्यात आखलेल्या रस्त्यात जात होता. मी त्यांना टेबलाच्या आतल्या बाजूला बोलावलं आणि रस्त्याच्या दोन्ही रेषांवर बोट ठेवून दाखवलं.

"म्हंजे घर बांधता येणार न्हाई व्हय?"

"रस्त्यात जातं तेवढ्या भागावर नाही, काका. उरलेल्यावर सामासिक अंतरं, म्हणजे चारी बाजूंनी मोकळी ठेवायची जागा सोडली तर खोलीभर जागा राहते."

"एजंट तर म्हणला, सगळं क्लिअर हाय."

इसार थांबला. काही दिवसांनी ते दुसरा गट नंबर घेऊन आले, आणि या वेळी कुणाला शब्द देण्याआधी आले. झोन दाखला (जमीन कोणत्या विभागात येते ते सांगणारा) आणि भाग नकाशा (आराखड्यातला तेवढाच तुकडा) ही दोन कागदं किती मोलाची आहेत हे मला तिथे कळलं. फी किरकोळ असते, पण त्या कागदावर एका घराची आयुष्यभराची शिल्लक वाचते किंवा बुडते. म्हणून दाखला देताना "आराखड्यानुसार रहिवास विभाग" एवढ्यावर थांबू नका. रस्ता, आरक्षण (शाळा, बाग अशा कामासाठी राखलेली जागा), पूररेषा यांतलं जे काही लागू असेल ते त्याच कागदावर स्पष्ट लिहा. आणि शक्य असेल तर तोंडीही सांगा, कारण सरकारी मराठी वाचून अर्थ लावणं सगळ्यांना जमत नाही.

हे वेळेवर न कळल्याने काय होतं, ते सांगलीत वेगळं शोधायला लागत नाही. गुंठेवारी बघा. शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्याने तुकडे पडले, रेखांकन (प्लॉट-रस्त्यांचा नकाशा) मंजूर नाही, दहा-पंधरा फुटांचे बोळ सोडलेले आणि मोकळ्या जागेचा पत्ता नाही. घेणारी माणसं कष्टकरी होती. त्यांना परवडेल अशी दुसरी जागा शहरात मिळत नव्हती. शामरावनगरसारख्या भागात काळी माती, सखल जमीन आणि पाणी वाहून न्यायला जागाच न ठेवलेली वस्ती यांचा परिणाम दर पावसाळ्यात दिसतो. राज्याने २००१ मध्ये गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा केला आणि २०२१ च्या दुरुस्तीने मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या प्लॉटपर्यंत वाढवली. त्याने लोकांच्या कागदाला आधार आला, बांधकाम परवानगी आणि बँकेच्या कर्जाची वाट मोकळी झाली. मला हा कायदा गरजेचा वाटतो. पण नियमित झालेल्या वस्तीत गटार कुठून काढायची आणि बागेला जागा कुठली, हा प्रश्न जागच्या जागी राहतो. गुंठेवारीची फाइल हातात आली की तिच्याकडे दंड-शुल्काचं गणित म्हणून बघू नका. त्या गल्लीत एकदा चालून या.

पुराबद्दल थोडं जास्त सांगते, कारण इथल्या नगररचनेचा जीव त्यात आहे. सांगलीकर पाऊस लागला की एकमेकांना विचारतात, "आयर्विनला किती फूट?" म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती. ४० फुटांवर इशारा पातळी, ४५ फुटांवर धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आपल्या नकाशावर मात्र फूट नसतात, दोन रेषा असतात. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत, नदीच्या बाजूला, नवं घर नाही. निळ्या-लालच्या मधल्या पट्ट्यात अटींवर परवानगी मिळते, आणि त्यात मुख्य अट जोत्याच्या, म्हणजे घराच्या पायावरच्या चौथऱ्याच्या उंचीची.

लोकांना रेषा समजत नाही, त्यांना पाण्याची खूण समजते. स्थळ पाहणीला गेले की मी घरमालकाला विचारते, "एकोणीसला पाणी कुठवर आलं होतं?" ते भिंतीवर हात ठेवून दाखवतात. काहींनी तर रंग देतानाही ती खूण राखलेली असते. मग मी त्याच भिंतीपाशी प्रस्तावित जोतं कुठवर येईल ते टेपने दाखवते. एवढं झालं की जोत्याची अट कशासाठी आहे हे निराळं पटवावं लागत नाही. जोते तपासणीचं महत्त्वही यातच आहे. भिंती उभ्या राहिल्यावर चूक दुरुस्त करायला घर पाडावं लागतं. जोत्यावर असताना ती चार दिवसांत सुधारता येते. तेव्हा जोते तपासणी टेबलावर बसून कधीच करू नका. मिस्त्री टेपचं एक टोक धरतो, दुसरं तुम्ही धरा.

विकास आराखडा नवा होतो किंवा सुधारतो तेव्हा या विभागाचा लोकांशी सगळ्यात मोठा संबंध येतो. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाप्रमाणे प्रारूप (कच्चा) आराखडा प्रसिद्ध झाल्यावर हरकती-सूचनांसाठी ३० दिवस असतात. मग नियोजन समितीपुढे सुनावणी होते. समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि जास्तीत जास्त चार जाणकार. हरकतीचे अर्ज गठ्ठ्याने येतात, बरेचसे एकाच मसुद्याचे. तरी प्रत्येक वाचा. "माझ्या शेतावर शाळेचं आरक्षण टाकलंय" या एका ओळीमागे कधी कधी शेतकऱ्याची असलेली-नसलेली सगळी जमीन असते. त्याला त्याचे हक्कही सांगा: अंतिम आराखडा लागू होऊन १० वर्षांत जागा घेतली गेली नाही, तर कलम १२७ खाली तो खरेदी सूचना, म्हणजे जागा विकत घ्या अशी नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे उठतं. काहींना वाटतं, हे सांगून आपण खात्याचंच नुकसान करतो. मला ते अजिबात पटत नाही. कायदा जितका महापालिकेचा, तितकाच त्या शेतकऱ्याचा.

दबाव येतो, हेही स्पष्ट सांगते. फोन येतात, ओळखी निघतात. त्यावर एकच उपाय मी पाळला: टिप्पणीत नियमाचा क्रमांक आणि जागेवर मोजलेला आकडा लिहायचा. "नियमानुसार नाही" असा मोघम शेरा पुढे कुणीही फिरवू शकतं. "मागील सामासिक अंतर इतकं हवं, जागेवर इतकं आहे" हे फिरवणं अवघड जातं.

आता यायचं कसं? डिप्लोमावाल्यांसाठी नगररचना संचालनालयाची रचना सहायकाची परीक्षा, पदवीवाल्यांसाठी एमपीएससीची सहायक नगररचनाकाराची. २०२० ची एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली पाठ करत बसू नका, उदाहरणं घेऊन सोडवा. आपल्याच गल्लीतला एक प्लॉट घ्या, त्याचा गट किंवा सिटी सर्व्हे नंबर काढा, आराखड्यावर बसवा, रस्त्याची रुंदी बघा, किती चटई क्षेत्र मिळेल ते काढा. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर मोफत आहे. त्यात तोच प्लॉट आणि दोन्ही पूररेषा एकावर एक ठेवून बघा. मुलाखतीला येणाऱ्या मुलांना मी हेच विचारते, आणि ज्याने हे एकदा स्वतःच्या हाताने केलंय तो दोन वाक्यांत ओळखू येतो.