परग्रहवाल्यांशी युद्ध, भाग दुसरा: या चुका टाळा

गेली काही वर्षं ओळखीतले लोक मला त्यांच्या अंतराळयुद्धाच्या कादंबऱ्या वाचायला देतात, त्यात दुसरे भाग जास्त. पहिला भाग बहुतेकांचा बरा असतो, कारण तो लिहिताना माणूस जरा घाबरलेला असतो. दुसऱ्या भागापर्यंत भीड चेपते आणि मग त्याच त्या चुका, इतक्या त्याच की पान उलटायच्या आधीच मी सांगू शकतो पुढे काय होणारे.

सगळ्यात डोकं फिरवणारी चूक म्हणजे पहिल्या भागात आपणच घातलेला नियम दुसऱ्या भागात विसरणं. यात मी स्वतः तोंडावर आपटलोय म्हणून सविस्तर सांगतो. माझ्या पहिल्या भागात गुरूजवळच्या आपल्या तळावर शत्रू चालून येतो, तळावरून पृथ्वीला मदतीचा निरोप जातो आणि तो पोचायला ४३ मिनिटं लागतात. प्रकाश सेकंदाला जवळपास ३ लाख किलोमीटर जातो, रेडिओचंही तेच, त्यामुळे गुरू आपल्यापासून किती लांब आहे त्याप्रमाणे हा वेळ साधारण ३३ ते ५४ मिनिटांत कमीजास्त होतो. उत्तर यायला परत तेवढाच वेळ, आणि त्या दीड तासात तळ खलास, नायिकेची मोठी बहीणही तिथेच गेली. अख्ख्या कादंबरीचा जीव त्या उशिरात होता.

दोन वर्षांनी दुसरा भाग घेतला, घाईत होतो, आणि तिसऱ्याच प्रकरणात शनीजवळचा कॅप्टन पृथ्वीवरच्या ॲडमिरलशी व्हिडिओ कॉलवर भांडतोय, याचं वाक्य संपतंय न संपतंय तोच त्याचं सुरू. मला कळलं नाही, वाचलेल्या तीन मित्रांनाही नाही. शेवटी एका मित्राच्या चौदा वर्षांच्या मुलीने विचारलं, "काका, हे लोक असं लगेच बोलू शकतात, मग ताई का मेली?"

काय सांगणार? सहा प्रकरणं फेकली. त्यावर सल्ले सुरू झाले की अरे एक वाक्य टाक ना, मधल्या काळात नवीन तंत्रज्ञान आलं म्हणून, क्वांटम काहीतरी. हा क्वांटम शब्द लोक अंगाऱ्यासारखा लावतात. एक तर क्वांटम एंटँगलमेंटने, म्हणजे दोन कण लांब असूनही एकमेकांशी जुळलेले राहतात त्याने, प्रकाशापेक्षा लवकर निरोप पाठवताच येत नाही, आणि समजा तुमच्या विश्वात येतो, काल्पनिकच आहे शेवटी, तरी तो शोध लागल्यावर युद्धाची सगळी रीतच बदलेल, ते कोण लिहिणार? मी उशीर तसाच ठेवून परत लिहिलं. आता कॅप्टन हुकमाची वाट न बघता हल्ला करतो आणि सव्वा तासाने 'हल्ला करू नका' असा हुकूम येऊन धडकतो. व्हिडिओ कॉलच्या भांडणापेक्षा हे शंभरपट चांगलं झालंय असं माझं मत, मुलीचंही.

तेव्हापासून सवय लागली, दुसऱ्या भागाचं एक अक्षर लिहायच्या आधी पहिला भाग पेन्सिल घेऊन वाचायचा आणि वहीत दोन रकाने करायचे, या विश्वात काय करता येतं आणि त्याची किंमत काय पडते. यासाठी ॲप वगैरे आहेत म्हणे, वापरा बापडे, पण स्वतःचं पुस्तक परत वाचायचा कंटाळा ॲप घालवत नाही. नवशिक्यांना हेच नको असतं, त्यांना थेट लढाई लिहायची असते.

आता आरमाराचं. पहिल्या भागाच्या शेवटी माणसांची तीन चतुर्थांश जहाजं जळतात, सगळे रडतात, दुसरा भाग 'सहा महिन्यांनंतर' असा उघडतो आणि समोर आधीपेक्षा मोठं आरमार उभं! कुठून आलं? आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जोडायला १९९८ ते २०११ एवढी वर्षं गेली, ते काही युद्धनौका नव्हतं आणि त्यावर कुणी गोळ्याही झाडत नव्हतं. तुमच्याकडे कारखाने भारी असतील, मान्य, पण खलाशी कुठून आणले? मेलेल्या कॅप्टनांच्या जागी कोण बसलं? खरी गोष्ट तिथे असते, वीस वर्षांचं पोर जुन्या मालवाहू जहाजाचं कॅप्टन झालंय आणि हाताखालच्यांना त्याचा भरवसा नाही, आणि नेमकं तेच सोडून लोक आरमाराची संख्या वाढवत बसतात.

शस्त्रांचंही तसंच. पहिल्या भागात शहर उडवलं म्हणून दुसऱ्यात ग्रह आणि तिसऱ्यात सूर्यच विझवायचा. काही गरज नाही. सेकंदाला ३ किलोमीटर वेगाने येणाऱ्या साध्या दगडात त्याच्याच वजनाच्या टीएनटी या स्फोटकाएवढी ऊर्जा असते, वेग दहापट केला की ऊर्जा शंभरपट. एवढ्यावर तीन भाग निघतात.

शत्रूपासून लपायला जहाजाचे दिवे मालवणारे कॅप्टन बंद करा प्लीज. अंतराळात हवा नाही त्यामुळे उष्णता फक्त प्रारणानेच, म्हणजे किरणांच्या रूपातच, बाहेर पडते, आणि उणे २७० अंशांच्या पार्श्वभूमीवर माणसं आणि इंजिन असलेलं जहाज इन्फ्रारेडमध्ये स्वच्छ दिसतं. लपायचंच तर ग्रहाच्या मागे जा.

प्रकाशवर्ष हे अंतर आहे, काळ नव्हे. लघुग्रहांच्या पट्ट्यात दगड चुकवत जावं लागत नाही, मधल्या जागा प्रचंड आहेत. स्फोटाचा आवाज नको. मेलेला माणूस जिवंत करू नका, एकदा केलात की पुढच्या मरणाला कुणी रडणार नाही. आधीच्या भागाचा सारांश पहिल्या चाळीस पानांत कोंबू नका. शत्रूंच्या नावांत जोडाक्षरांचा ढीग नको, 'क्झ्र्थ्व' वाचताना जीभ अडकली की लढाईही अडकते. आणि ते परग्रहवाले "हे क्षुद्र मानवा" असं पौराणिक नाटकासारखं का बोलतात, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

राहता राहिली खास मराठीतली भानगड, जी कुणाच्या लक्षातच येत नाही. पहिल्या भागात शत्रू लांब असतो आणि घोळक्याने असतो, "ते आले", "त्यांनी हल्ला केला", भागून जातं. दुसऱ्या भागात त्यातला एक कैदी म्हणून समोर येऊन बसतो आणि मराठी क्रियापद विचारतं, आला, आली की आलं? एका मित्राच्या हस्तलिखितात तो कैदी बाराव्या पानावर 'तो' होता, तिसाव्यावर 'ते', आणि पन्नासाव्यावर अंडी घातली म्हणून 'ती'. मी म्हटलं आधी ठरव. सैनिक त्याला 'तो' म्हणतील, डॉक्टर 'ते' म्हणेल, कोण काय म्हणतं यावरूनच माणूस कळतो, पण निवेदकाचं एकच पाहिजे. मी स्वतः आला-आली-आलंची पाच वाक्यं कागदावर लिहून भिंतीला चिकटवतो आणि मग सुरू करतो.

मित्राने ठरवलं 'ते', इथपर्यंत ठीक. पण साडेतीनशे पानं हाताने तपासायचा कंटाळा, म्हणून फाइंड-रिप्लेस मारलं, सगळ्या 'तो'चा 'ते'. क्रियापदं तशीच राहिली, "ते आला आणि बसला". आपला दाढीवाला कॅप्टन 'ओरडतो'चा 'ओरडते' झाला. सैनिकांची तेंडं कोरडी पडली. हे सगळं नंतर दोन महिने बसून हाताने निस्तरलं बिचाऱ्याने, आणि परवा नवीन प्रत पाठवली, म्हणाला आता एकदम क्लीन आहे. शेवटच्या लढाईत एक तेफ अजून धडाडतेय.