लेकाँट्स स्पॅरो: गवतात पाय टाकण्याआधी

लेकाँट्स स्पॅरो या चिमणीचा फोटो काढायला निघण्याआधीची ही तयारी; बॅटरी, कार्ड, पाणी यांबद्दल बोलत नाही. ही चिमणी हिवाळ्यात अमेरिकेच्या दक्षिण-मध्य भागात, टेक्सस, ओक्लाहोमा, अर्कान्सा, लुइझियानाकडे असते आणि बहुधा पायापासून दोन-तीन मीटरवरून उडाली की मगच कळते. फोटोला मिळाले तर काही सेकंद. गवतात उभं राहून सेटिंग शोधायला वेळ नसतो.

सगळ्यात आधी मानगूट. मानगुटीचा फोटो घ्यायचा, हे ठरवूनच निघा. चेहरा देखणा, नारिंगी भुवई आणि कानाशी राखाडी डाग, म्हणून सगळे चेहऱ्यामागे लागतात. पण तिच्यासारख्याच दिसणाऱ्या नेल्सन्स स्पॅरोचाही चेहरा नारिंगी-राखाडीच. लेकाँट्सच्या राखाडी मानगुटीवर जांभळट-तपकिरी रेघा असतात, नेल्सन्सची मानगूट साधी राखाडी. डोक्यावरची मधली पट्टी लेकाँट्सची पांढरट, नेल्सन्सची राखाडी. स्थलांतराच्या दिवसांत, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, दोघी एकाच ओल्या गवतात सापडू शकतात. तेव्हा समोरून काढलेल्या वीस सुरेख फोटोंपेक्षा मागून काढलेला एक बरा फोटो कामाचा. पक्ष्याने पाठ फिरवली की बटणावरून बोट काढू नका.

बाकीच्या मिळत्याजुळत्या चिमण्या लवकर वेगळ्या ओळखता येतात. ग्रासहॉपर स्पॅरो: मोठी चोच, चपटं डोकं, प्रौढ पक्ष्याच्या छातीवर-कुशीवर ठळक रेघा नाहीत; लेकाँट्सच्या कुशीवर असतात. हेन्स्लोज: डोकं आणि मानगूट हिरवट. (पुन्हा मानगूटच.) शरद ऋतूत पिल्लांचा पिसारा अंगावर असलेले लेकाँट्सही भेटतात, त्यांच्या छातीवरही रेघा असतात, तेव्हा छातीवरून घाईने निकाल देऊ नका. आणि गवतातून उडालेलं प्रत्येक इवलंसं तपकिरी पाखरू चिमणी नसतं, सेज रेन हा दुसराच छोटा पक्षी, तीही तशीच उडते आणि तशीच गडप होते.

जागा: गुडघ्यापासून कमरेपर्यंतचं दाट, जुनं गवत, ब्लूस्टेम किंवा ब्रूमसेज, शक्यतो थोडी ओल असलेलं. नुकतंच जाळलेलं किंवा कापलेलं शेत सोडून द्या. दिवस बिनवाऱ्याचा हवा. वारा असला की ती वर येतच नाही, आणि हलणारी पाती फोकसचा सत्यानाश करतात ते वेगळंच.

कॅमेरा. लेन्सवरचा फोकस लिमिटर (फोकसचं अंतर मर्यादित करणारं बटण) ‘फुल’वर आहे ना, ते निघण्यापूर्वी बघा. पक्षी तीन मीटरवर बसतो आणि मोठी प्राइम (झूम नसलेली) लेन्स चार मीटरच्या आत फोकसच करत नाही, असं होतं. आपल्या लेन्सचं किमान अंतर माहीत हवं. १००-४०० मिमीसारखी झूम इथे ६०० मिमीच्या लेन्सपेक्षा सोयीची पडते. फोकस एकाच लहान बिंदूवर ठेवा. मोठा चौकोन ठेवलात तर कॅमेरा पुढची काडी पकडतो आणि मागे चिमणीच्या आकाराचा धुरळा उरतो. शटर १/१००० किंवा वर, आयएसओ ऑटो, जमलं तर लेन्सचं छिद्र एफ/८ इतकं लहान, नाहीतर इतक्या जवळून चोच धारदार आणि मानगूट धूसर होते. मानगूट धूसर नको, हे किती वेळा सांगू?

सार्वजनिक रानात शिकारीचा हंगाम असेल तर भडक नारिंगी जॅकेट, हट्टाने. उंच बूट, कारण कुसळं मोज्यांत शिरतात आणि गोचिडी तिथल्या हिवाळ्यातही असतात.

चालताना हळू, मध्येच थांबत. ती उडाली की जेमतेम गवतावरून जाते आणि धप्पकन खाली पडते. त्या जागेवर धावू नका, ती तिथे नसतेच. उतरल्यावर उंदरासारखी पळते. जवळ झुडूप असेल तर आधी तिथे नजर ठेवा, कधी त्यावर चढून बसते. दहा मीटरवर स्थिर उभं राहा, तोंडाने हलकं पिश् पिश् करा, वाट बघा. एकच पक्षी दोनदा उठवला की त्याला सोडा. थंडीत त्या जेमतेम बारा-सोळा ग्रॅमच्या जिवाला तेवढी ताकद परवडत नाही.

परत आल्यावर: गोचिडी तपासा, मग फोटो. गाडीत बसल्या बसल्या कॅमेऱ्यावरच काही उडवू नका, पाठमोरे तर मुळीच नाही. नोंदीला चेहरा, कूस आणि मानगूट असे तीन फोटो जोडा.