जुन्या डेस्कटॉपचं ग्राफिक्स कार्ड बदलताय? मंग या चुका टाळा

दारव्ह्यात कॉम्प्युटर रिपेरिंगचं काम करतो मी. आजूबाजूच्या खेड्यांतून मशिनी येतात, कोणी ऑनलाइन सेंटरवाला, कोणी फोटो स्टुडिओवाला, कोणाच्या पोट्ट्याचा गेमचा डबा, सगळे दहा-बारा वर्षं जुने, एच६१ नाहीतर जी४१ मदरबोर्डवाले. आणि दर उन्हाळ्यात तेच ते ऐकून राहिलो, "भाऊ, कार्ड उडालं, नवीन टाकलं, तरी चालून नाही राहिलं."

पहिलं हे सांगा, कार्डच उडालं हे ठरवलं कोणी? डिस्प्ले आला नाही म्हणजे कार्ड गेलं असं नसते. मागच्या पावसाळ्यात पीक विम्याच्या गर्दीत एक ताई मशीन घेऊन आल्या, दारात शेतकऱ्यांची रांग अन् स्क्रीन काळी, कोणीतरी सांगितलं कार्ड गेलं म्हणून साडेतीन हजाराचं नवीन कार्ड आणून बसवलं, तरी काळीच. मी रॅम काढली, तिच्या सोनेरी पट्टीवर शाळेतलं खोडरबर हलक्या हातानं फिरवलं, परत खट्ट आवाज येईस्तोवर दाबून बसवली, डिस्प्ले आला. जुनं कार्ड परत लावून पाहिलं तर तेही चांगलं. ओलाव्यानं रॅमचा कॉन्टॅक्ट जाते, हे आपल्याकडं दर पावसाळ्यात होते, कूलरच्या समोर मशीन ठेवली तं भर उन्हाळ्यातही होते. त्या साडेतीन हजाराचं मला आजही वाईट वाटते.

म्हणून माझी सवय अशी, आधी मॉनिटर अन् केबल दुसऱ्या मशीनवर पाहायची, मंग रॅम, मंग बोर्डवरचा सेल काढून पाच मिनिटं थांबायचं, त्यानंतर कार्ड काढून बोर्डच्या स्वतःच्या पोर्टला केबल लावायची. तिथं डिस्प्ले आला तरच कार्डवर संशय घ्या. जी४१ मध्ये ग्राफिक्स बोर्डवरच असते, एच६१ मध्ये ते प्रोसेसरमधून येते, म्हणून स्वस्तात मिळालेला झिऑन, म्हणजे सर्व्हरचा प्रोसेसर, टाकला असेल तं त्या पोर्टमधून बहुतेक काहीच येणार नाही, त्यावरून बोर्ड गेला म्हणू नका. वीस-तीस रुपयांचा बझर बोर्डला लावून ठेवा, बायोस म्हणजे मशीन सुरू करणारा बोर्डमधला प्रोग्राम, तो एएमआय कंपनीचा असेल तं आठ बीप म्हणजे डिस्प्लेची तक्रार, अवॉर्ड कंपनीचा असेल तं एक लांब दोन छोटे. मशीन बोलते, ऐकायला कोणी थांबत नाही. खरं कार्ड जाते तेव्हा बरेचदा आधी लक्षणं दिसतात, स्क्रीनवर रंगीत रेघा, चौकटी, विंडोज सुरू होता होता लटकणं.

आता ज्या चुकीनं माझं डोकं सगळ्यात जास्त तापते ती, नवीन कार्ड अन् जुनाच एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज देणारा डबा. लग्नसराईत एका स्टुडिओवाल्या पोरानं पहिलं कार्ड उडालं म्हणून नागपूरला सीताबर्डीवरून जीटीएक्स १०५० टीआय कार्ड आणलं, घरीच बसवलं, आठ दिवस छान चाललं, नवव्या दिवशी अल्बम एक्सपोर्टला लावला अन् मशीन बंद. परत चालू केली तर कार्डचा पंखा फिरतो, डिस्प्ले नाही. दोन लग्नांचे अल्बम अडकलेले, नवरीच्या घरचे दुकानात येऊन बसलेले, पोरगा रडकुंडीला. मी एसएमपीएस हातात घेतला तर रिकाम्या टिनाच्या डब्यासारखा हलका! वरती मोठ्या अक्षरात ४५० वॅट, पण स्टिकर नीट वाचलं तर १२ व्होल्टला १६ अँपिअर, म्हणजे १९२ वॅट, अन् तेही लिहिलेलं, मिळणारं नाही. त्याचा आय५ २४०० प्रोसेसर ९५ वॅटचा, कार्ड ७५ वॅटचं, झाले १७०, त्यावर दोन हार्डडिस्क अन् पंखे. मीटर लावून लोड दिला तर १२ च्या जागी ११.१, खरं म्हणजे ११.४ च्या खाली जायलाच नको. उघडला तर आत कपॅसिटर फुगलेले. दुसऱ्या एसएमपीएसवर लावूनही ते कार्ड उठलं नाही. अन् माझं ठाम मत आहे की त्याचं पहिलं कार्डही यानंच खाल्लं होतं, कारण तेव्हा एसएमपीएस कोणी तपासलाच नाही.

तिथंच थांबलो नाही, स्टुडिओत गेलो. कॅबिनेटला हात लावला तर झिणझिण्या. भिंतीवरच्या स्विचबोर्डात अर्थिंगची वायरच नाही, थ्री पिन नुसती दाखवायला. अर्थिंग नसली की एसएमपीएसच्या फिल्टरमधून कॅबिनेटवर जवळपास अर्धं व्होल्टेज येते, शंभर-सव्वाशे, करंट थोडा असतो म्हणून माणूस झटका खाऊन वाचतो, पण चालू मशीनमध्ये मॉनिटरची केबल खुपसली की तोच करंट केबलवाटे जाते अन् कार्डचं पोर्ट उडू शकते. तार टाकणाऱ्याला बोलावून खड्डा करून कोळसा-मीठ घालून अर्थिंग करून घेतली, एटी प्लस ब्राँझवाला, म्हणजे वीज कमी वाया घालवणारा असा शिक्का असलेला, एसएमपीएस टाकला, मंगच तिसरं कार्ड लावू दिलं. अजून चालू आहे. लोक म्हणतात एसएमपीएसवर काहून खर्च करायचा, तो तं दिसत नाही. मी तं ज्याला एसएमपीएस बदलायचा नाही त्याच्या मशीनमध्ये कार्ड लावूनच देत नाही.

बाकीच्या चुका लवकर सांगतो. सहा पिनची जागा असलेल्या कार्डला एसएमपीएसची ती केबल लावायलाच विसरतात, स्लॉटमधून ७५ वॅटच्या वर मिळत नाही. कार्ड काढताना स्लॉटच्या टोकाचा खटका न दाबता ओढतात अन् स्लॉटच मोडतात, घाई कशाची आहे? मॉनिटरची केबल कार्डला न लावता बोर्डच्याच पोर्टला ठेवतात अन् मला फोन करतात. जीटीएक्स १० सिरीजपासूनच्या कार्डमधून व्हीजीए, म्हणजे जुन्या मॉनिटरला लागणारा सिग्नल, निघत नाही, घरी तसा मॉनिटर असेल तं कन्व्हर्टर आधी घ्या. बारीक कॅबिनेटवाल्या ऑफिसच्या जुन्या मशिनीत पूर्ण उंचीचं कार्ड बसत नाही, टेप लावून मोजून घ्या.

फारच स्वस्त १०५० टीआय दिसलं तं जीपीयू-झेड हे कार्डची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका, जुन्या जीटीएस ४५० कार्डचं बायोस बदलून तेच नाव देऊन विकतात, जीपीयू-झेड नावासमोर फेक दाखवते. जुन्या कार्डचा ड्रायव्हर डीडीयू नावाच्या सॉफ्टवेअरनं सेफ मोडमध्ये काढा, मंग नवीन टाका.

अन् हॉट गननं कार्ड भाजायचं जे व्हिडिओत दाखवतात ते माझ्या दुकानात होत नाही. कार्ड आठ-पंधरा दिवस उठते, परत झोपते, तोवर विकणारा मोकळा अन् घेणारा फसला.

नवीन कार्ड लावायच्या आधी कॅबिनेट अंगणात नेऊन ब्लोअर मारा. जिनिंगजवळच्या दुकानातल्या मशिनीतून मी कापसाचा अक्षरशः पेळू काढला आहे, हीटसिंकच्या पात्यांत गच्च बसलेला, त्यात ४५ डिग्रीचा उन्हाळा, कार्ड काय करणार बिचारं. ब्लोअर मारताना पंख्याला बोट लावून धरा, नाहीतर हवेनं तो भन्नाट फिरून बेअरिंग जाते. मी हे दिवाळीत एकदा अन् मार्चमध्ये एकदा करतो.